सर्कलला पोचलास की फोन कर

दोन मुंबईकरांची भेट कुठल्या तरी सर्कलला ठरते, आणि तिथं ठरते म्हणूनच ती वेळेवर होत नाही. दादर पूर्वेचं खोदादाद सर्कल घ्या. टॅक्सीवाल्यापासून परगावच्या मावशीपर्यंत सगळ्यांना ते माहीत, कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून बेत तिथला होतो. मग संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या चौकात निदान अर्धा शेकडा माणसं कानाला फोन लावून एकच संभाषण करत असतात. "कुठे आहेस?" "सर्कलला." "मी पण सर्कललाच आहे." "मग दिसत कसा नाहीस?" "तू कुठल्या बाजूला?" "पुलाच्या बाजूला." आता इथे पूल दोन. एक टिळक पूल, जो रेल्वे ओलांडून पश्चिमेकडून येतो. दुसरा उड्डाणपूल, जो डोक्यावरून जातो. त्यामुळे पुलाची नाही अशी बाजू या सर्कलला उरलेलीच नाही. "बरं, तू तिथेच थांब, मी येतो," असं दोघंही एकाच वेळी म्हणतात, दोघंही निघतात, आणि वाहनांच्या ओघाबरोबर एकाच दिशेनं चालू लागतात. एकाच वेगानं एकाच दिशेला फिरणाऱ्या दोन बिंदूंमधलं अंतर कधी कमी होत नाही, हे भूमितीच्या तासाला सगळ्यांना शिकवलेलं असतं. त्याचा उपयोग दादरला होणार आहे, हे तेवढं सांगायचं राहून जातं.

एवढं होऊनही पुढच्या आठवड्याची भेट पुन्हा सर्कललाच ठरते. याचा अर्थ माणसं मूर्ख आहेत असा लावणं सोपं आहे, आणि प्रस्तुत लेखकाला स्वतःपुरता तो मान्यही आहे. पण लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या एकच मूर्खपणा नेमानं करत असतील, तर त्यात काहीतरी हिशेब असला पाहिजे. आमचं म्हणणं असं, की सर्कलकडे आपण रस्त्याचा भाग म्हणून बघतो तिथंच घोटाळा होतो. रस्ता म्हणून ते नापास आहे, यात वाद नाही. मात्र बाजार म्हणून, पत्ता म्हणून, जाहिरातीची जागा म्हणून ते पहिल्या वर्गात पास आहे. आणि खरी मेख ही, की पहिल्या विषयात गचकल्यामुळेच बाकीच्या विषयांत त्याला एवढे गुण मिळतात. वाहनं जितकी अडतील तितकी चौकाची भरभराट.

ज्यांनी ही युक्ती काढली त्यांच्या मनात नेमकं उलटं होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये 1905 साली गाड्यांना एकाच दिशेनं गोल फिरवायला सुरुवात झाली, ती विल्यम फेल्प्स ईनो या गृहस्थांच्या आराखड्यानुसार. पॅरिसमध्ये 1907 साली युजीन एनार यांच्या कल्पनेनुसार तिथल्या प्रसिद्ध विजयकमानीभोवती तेच झालं. कुणालाही थांबावं लागू नये, सगळ्यांनी हळू का होईना पण सरकत राहावं, एवढीच साधी अपेक्षा. जगाला रहदारीची शिस्त लावणाऱ्या या ईनोसाहेबांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती आणि ती ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. ही माहिती आम्हाला फार धीर देते. ज्याला चारचाकी येत नाही आणि दुचाकीवर मागं बसतानाही जो डोळे मिटून घेतो, त्यानं वाहतुकीवर लिहावं का, अशी शंका काढणारे लोक घरातच असतात. त्यांना यापुढे कोलंबस सर्कलचा दाखला देता येईल.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसनं 1976 साली अशा वर्तुळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सगळ्या रस्त्यांनी मिळून तासाला 3000 वाहनं आली तर वर्तुळ ती पचवू शकतं, त्यापुढं नाही, असा त्यांचा अंदाज. वाहनं मोजायचं एक कोष्टकही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत सापडतं: मोटार म्हणजे एक, दुचाकी पाऊण, सायकल अर्धी, बस किंवा ट्रक 2.8, आणि जनावरानं ओढलेली गाडी चार ते सहा. बैलाला सहा मोटारींचा मान देणारं हे कोष्टक वाचून अभिमान वाटतो, पण दादरला उभं राहून ते वापरू गेलं की ते तोकडं पडतं. केळ्यांची हातगाडी कितीची धरायची? उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाकीची पाऊण मिळवायची की वजा करायची? "पाच मिनिटांत आलो" म्हणून वळणावर मोटार लावून औषधाच्या दुकानात शिरलेल्या माणसाची मोटार ही मोटार धरायची की इमारत? आणि भर वर्तुळात टॅक्सी थांबवून "घाटकोपर? नाही जाणार" एवढंच सांगण्यासाठी काच खाली करणारा चालक? त्याच्या मागे जे साठतं त्याला पुस्तकात खूणच नाही.

मग उपाय सुरू होतात, आणि इथे आपली प्रतिभा दिसते, कारण आपण जुना उपाय कधी काढून टाकत नाही. सिग्नल नको म्हणून वर्तुळ केलं. वर्तुळ चालेना म्हणून त्यावर सिग्नल बसवला. सिग्नल कुणी जुमानेना म्हणून हवालदार आणला. हवालदाराचा आणि सिग्नलचा छत्तिसाचा आकडा. दिवा लाल असतो तेव्हा तो दोन्ही हातांनी "चला, चला" करतो, आणि दिवा हिरवा झाला की पंजा पुढे धरतो. "साहेब, ग्रीन होता." "मी दिसलो नाही का?" "दिसलात ना." "मग?" या "मग"पुढे आजवर कुठल्याही वाहनचालकाला काही सुचलेलं नाही. हवालदारालाही आवरेना तेव्हा गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईभर उड्डाणपुलांचा सपाटा लागला आणि वरून पूल गेला. पुलाखाली वर्तुळ, वर्तुळावर सिग्नल, सिग्नलशेजारी हवालदार, आणि हवालदाराच्या शेजारी "गाड्या उभ्या करू नयेत" हा फलक, ज्याला टेकून दुचाक्या उभ्या असतात. एका दुखण्याला चार वैद्य, आणि चौघांचं औषध एकदम चालू.

आता हीच गोष्ट दुकानदाराच्या गल्ल्यामागून बघा. धावती गाडी त्याच्या काय कामाची? चाळीसच्या वेगानं जाणाऱ्या माणसाला पाटीही वाचता येत नाही, मग आत मांडलेला माल कुठला दिसायला. तोच माणूस सात मिनिटं अडकला की आधी चिडतो, मग कंटाळतो, मग इकडेतिकडे पाहतो, आणि मग त्याला आठवतं की घरातले बल्ब संपलेत. व्यापाराचा जन्म या चौथ्या मिनिटाला होतो. दादर पूर्वेला पुण्याकडे जाणाऱ्या एसटीच्या शिवनेरी सुटतात, खासगी बस सुटतात, शेअर टॅक्सी सुटतात. "पुणे, पुणे, पुणे" हा पुकारा पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असतो. सुटतात हा शब्द आपला म्हणायचा. "कधी निघणार?" "ही काय, निघालीच." "ड्रायव्हर कुठाय?" "चहा पितोय." "किती वेळ?" "दोन शिटा आल्या की लगेच." त्या दोन सीट येईपर्यंत आधीच्या अडतीस सीट खाली उतरून वडापाव खातात, पाण्याची बाटली घेतात, मोबाइलची चार्जिंग वायर विसरली म्हणून नवी घेतात, आणि तेवढ्यात गाडी खरंच हलते तेव्हा सुटे पैसे तसेच सोडून धावतात. गाडी वेळेवर सुटायला लागली तर या परिसराचं अर्थकारण कोसळेल, हे कुणीतरी एसटीच्या वरिष्ठांना समजावून सांगायला हवं. बहुधा सांगितलेलं असावं.

सिग्नलवरचा व्यापार हा तर याचा अर्क. सव्वीस जानेवारीच्या आधी झेंडे, डिसेंबरात सांताच्या लाल टोप्या, जूनमध्ये फोन घालायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, उन्हाळ्यात काचेला चिकटवायच्या काळ्या जाळ्या. ऋतुमान कळायला पंचांग लागत नाही. या विक्रेत्यांना दिव्याचे सेकंद तोंडपाठ असतात आणि भाव त्या सेकंदांबरोबर उतरतो. काच खाली होते. "केवढ्याला?" "दोनशे." "पन्नास." "घ्या." इथे गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. पन्नास म्हणताना त्याला ती वस्तू नकोच होती, नाही म्हणण्याचा तो सभ्य प्रकार होता. आणि विक्रेत्यानं एका शब्दात मान्य केल्यामुळे ती वीसलाच मिळाली असती ही सल आता पुढच्या सिग्नलपर्यंत जाणार नाही. दिवा हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवू लागतात, पन्नासाची नोट जाते आणि मोटारीत मानेखाली घ्यायची एक उशी येते. त्या मोटारीत आधीच तशा दोन उश्या असतात.

फ्लेक्सचंही असंच. चौकात लागलेल्या वाढदिवसाच्या फलकावर मधोमध उत्सवमूर्ती, वर मोठे नेते, आणि खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे चेहरे: पहिला दाढीवाला, दुसरा गॉगलवाला, तिसरा फोनवर बोलत असलेला, कारण तो कामाचा माणूस आहे. हे सगळं वाचून व्हायला वेळ लागतो. वाहतूक सुरळीत झाली तर उत्सवमूर्ती कशीबशी दिसेल, पण खालच्या ओळीतल्या कार्यकर्त्यांकडे कोण बघणार? आमचा तर असा कयास आहे, की फलकावरच्या चेहऱ्यांवरून त्या चौकात सरासरी किती वेळ खोळंबा होतो हे काढता यावं. पाच चेहरे असतील तर चौक बरा आहे. पंचवीस असतील तर पर्यायी मार्ग घ्यावा.

पत्ता म्हणून सर्कलची योग्यता याहूनही वरची. खोदादाद सर्कलच्या परिसराला सगळे दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 साली सुरू झाली, विजेची 1907 साली, आणि शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला आली ती आलीच. त्यानंतर रूळ गेले, तारा गेल्या, ट्राम पाहिलेली माणसं थकली. तरी आज विशीतला मुलगा टॅक्सीत बसताना "टीटी" म्हणतो आणि तितक्याच वयाचा चालक मान हलवतो. दोघांपैकी कुणीही ट्राम बघितलेली नाही, आणि त्यावाचून दोघांचं काही अडलेलंही नाही. थोडं पुढं माटुंग्याला किंग्ज सर्कल आहे. त्याचं सरकारी नाव महेश्वरी उद्यान. "महेश्वरी उद्यानला घ्या." "वो किधर आया?" "किंग्ज सर्कल." "तो ऐसा बोलो ना." राजे जाऊन पाऊण शतक उलटलं, पण त्यांच्या नावाच्या गोलाभोवती इडली खाणाऱ्यांची रांग हटत नाही. तिथल्या कॅफे मद्राससारख्या ठिकाणानं तर 1940 पासून राजवटीचा फरक मनावर घेतलेला नाही. सगळ्यात भारी गोष्ट फोर्टातल्या काळ्या घोड्याची. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा 1965 साली उचलून राणीच्या बागेत नेला. त्यानंतर बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्यापाशी भेटत होते. अखेर 2017 साली तिथं नवा घोडा बसवला, आणि तो बसवताना त्याच्यावर स्वार बसवला नाही. पत्त्याला घोडा पुरतो, राजाची गरज नसते, हे बसवणाऱ्यांनाही उमगलं होतं.

या पत्त्याची आणखी एक खुबी म्हणजे त्याची त्रिज्या बोलणाऱ्यागणिक बदलते. घराच्या दलालाला विचारा. "सर्कलपासून किती लांब?" "लांब कसलं, चालत पाच मिनिटं." "कुणी चाललं तर?" यावर तो हसतो आणि खिडकी उघडून हवा किती येते ते दाखवतो. परळपासून शीवपर्यंतची खोली "टीटीला लागूनच" असते. याउलट जे खरोखर सर्कलला लागून राहतात त्यांना ते मान्य नसतं. हिंदू कॉलनीतला माणूस "आम्ही कॉलनीत राहतो" असं सांगतो आणि लगोलग आपल्या गल्लीचा नंबर जोडतो, कारण पहिल्या गल्लीची शांतता वेगळी आणि पाचवीची वेगळी. पारशी कॉलनीतल्या बावाजींना तर पलीकडे एवढा मोठा चौक आहे हे ऐकून नवल वाटलं तरी आश्चर्य नको. अशा रीतीनं सर्कलवर राहणारे सर्कल नाकारतात, मैलभर दूरचे त्यावर हक्क सांगतात, आणि महापालिकेच्या नकाशावर ते आहे तेवढंच राहतं.

मधल्या बेटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे कुणी जातच नाही. अशा कुठल्याही बेटावर हिरवळ असते, कुंपण असतं, कुंपणाला फाटक असतं आणि फाटकाला कुलूप असतं. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडतं. "देखभाल सौजन्य" म्हणून एका कंपनीची पाटी असते, ती बहुतेक वेळा हिरवळीपेक्षा मोठी. दर काही वर्षांनी सुशोभीकरण निघतं, तेव्हा लोखंडी कुंपण काढून स्टीलचं लावतात. पुढच्या सुशोभीकरणात स्टीलचं काढून लोखंडी. तिथे नियमित पोचणारे दोघंच, माळी आणि कावळा, आणि माळी रजेवर असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुतेक वेळा परदेशी जाऊन आलेल्या माणसाकडून. "हे सगळं आपल्या बेशिस्तीचं कौतुक झालं. तिकडे बघा, सर्कलला कोण थांबतं?" तिकडे बघायला आमची हरकत नाही. पॅरिसच्या त्या कमानीपाशी बारा रस्ते एकत्र येतात, आणि तिथला नियम असा की आत शिरणाऱ्याला मान द्यायचा, आत फिरणाऱ्यानं थांबायचं. म्हणजे पाहुणे येत राहतात आणि घरचे अडकतात. इंग्लंडात 1966 सालापर्यंत वर्तुळात आधी कोणी जायचं हे नीट ठरलेलंच नव्हतं. सभ्य माणसं सभ्यपणे शिरत आणि सगळं वर्तुळ सभ्यपणे जाम होत असे. मग आत असलेल्याला मान द्यायचा नियम झाला आणि गाडं सुरळीत झालं. त्यावर समाधान मानावं की नाही? पण 1972 साली स्विंडन गावात त्यांनी एका वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं बसवली. छोट्या वर्तुळांत गाड्या एका दिशेनं फिरतात आणि मधल्यात उलट्या दिशेनं. लोक ते बघायला जातात. तेव्हा शिस्त असली काय, नसली काय, गोल दिसला की माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं हे कबूल करावं लागेल. फरक इतकाच, की स्विंडनच्या त्या सहा वर्तुळांत अडकलेल्याला कुणी गजरा विकायला येत नाही. ज्याची वाहतूक सुधारली त्याचा बाजार बसला, हाच आमचा मुद्दा.

"मग नियोजनबद्ध बाजारच गोल बांधावा," असं यावर कुणी म्हणेल. तेही करून झालं आहे. दिल्लीचं कनॉट प्लेस रॉबर्ट टॉर रसेल यांनी आखलं, 1933 पर्यंत ते उभं राहिलं, आणि बाजार म्हणून ते जोरात चालतं यात शंका नाही. पण सगळीकडे तेच पांढरे खांब, तेच व्हरांडे. माणूस ज्या दुकानातून निघतो त्याच दुकानात अर्ध्या तासानं नव्या उमेदीनं शिरतो आणि तोच शर्ट पुन्हा बघतो. दादरला एवढं नाही. इथल्या इमारतींनी वर्तुळाच्या कडेनं गोलाई धरली आहे खरी, पण प्रत्येकीचा रंग वेगळ्या वर्षी उडालेला आहे, त्यामुळे ओळख पटते.

दुसरा आक्षेप उड्डाणपुलाचा. पूल झाला, गाड्या वरून गेल्या, आता खालच्या चौकाला कोण विचारतं, असा एक सूर मध्यंतरी होता. तो आम्हाला पटत नाही. वरून जातात ते ज्यांना काही घ्यायचं नसतं. गिऱ्हाईक खालीच राहतं. उलट पुलामुळे चौकाला आयतं छप्पर मिळालं, पावसात उभं राहायची सोय झाली. किंग्ज सर्कलजवळच्या माटुंग्याच्या पुलाखाली तर रहिवाशांनी नेट लावून बाग करवून घेतली, नानालाल डी. मेहता उद्यान, तिथला चालायचा रस्ता नर्मदेच्या वळणांवर बेतला आहे. एरवी नर्मदा परिक्रमेला महिने लागतात, माटुंग्याचे आजोबा दूध आणायच्या आधी आटोपतात. आणि पावसाचं म्हणाल, तर मुंबईचा पाऊस वेधशाळा कुलाब्याला आणि सांताक्रूझला मोजते, जनता मात्र तो पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता आणि गांधी मार्केटला मोजते. "किती झाला?" "किंग्ज सर्कलला गुडघ्याएवढा." मिलिमीटरमध्ये सांगून कुणी ऑफिसला दांडी मारल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा: फोनमध्ये नकाशा आल्यावर खुणा कशाला हव्यात? नकाशातली ती बाई मोठ्या आत्मविश्वासानं "राउंडअबाउटवरून तिसऱ्या एक्झिटनं बाहेर पडा" असं सांगते. तिसरा कुठला? पहिला रस्ता मोठा होता. दुसरी गल्ली होती. ती धरायची का? पेट्रोल पंपाचं फाटक धरायचं का? इतक्यात तिसरा मागं पडतो, ती मार्ग पुन्हा मोजू लागते आणि गाडी दुसऱ्या फेरीला लागते. दुसऱ्या फेरीत पुढे बसलेले काका काच खाली करून पानवाल्याला विचारतात. "टिळक पूल कुठे?" "सर्कल मारून डावीकडे." "सर्कल मारलं की आत्ता." "पुन्हा मारा." काकांना हे पटतं. बाईचं पटत नव्हतं, कारण ती चिडत नाही, आणि जो चिडत नाही त्याला रस्ता माहीत असेल यावर आपला विश्वास बसत नाही.

खरा बिनतोड आक्षेप पादचाऱ्यांचा आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. वर्तुळ ओलांडायचं म्हणजे गाड्या कुठून येतील ते कळत नाही. म्हणून आपली माणसं रस्त्यात उतरतात आणि येणाऱ्या बसकडे न बघता तिच्या दिशेनं फक्त पंजा धरतात. हा पंजा सगळ्यांत प्रभावी आजीबाईंचा. पिशवीत मेथी, दुसऱ्या हातात नातू, आणि मधला हात वर, 2.8 मोटारींच्या बरोबरीची बस करकचून थांबते. तरीही चालणाऱ्यांसाठी काहीतरी करायला हवं, आणि आमची सूचना अगदी स्वस्तातली आहे. सर्कलच्या कडेच्या खांबांवर एक, दोन, तीन, चार असे मोठे आकडे रंगवावेत. म्हणजे "मी तीन नंबरला उभा आहे" एवढं सांगितलं की भेट झाली, कुणाला फिरायला नको. यावर एका पानवाल्याचं मत घ्यावं असा विचार होता, पण त्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे: आकडे ज्या सोमवारी रंगवले जातील त्याच मंगळवारी कुणाचा तरी वाढदिवस असेल, आणि चारही खांबांवर दाढीवाला, गॉगलवाला आणि फोनवर बोलणारा येऊन बसतील. मग लोक सांगतील, "गॉगलवाल्याखाली थांब." "कुठल्या गॉगलवाल्याखाली? चारी खांबांवर तोच आहे." "तू थांब, मी येतो."